ब्रेक पेडल खाली गेलं, त्याची गोष्ट

कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ लागुना सेका नावाचा रेस ट्रॅक आहे. लांबी साधारण ३.६ किलोमीटर, वळणं ११. पैसे भरून आपली रोजची गाडी तिथे पळवता येते, त्याला इकडे 'ट्रॅक डे' म्हणतात. माझा एक मित्र त्याची जुनी बीएमडब्ल्यू एम३ (ई९० मॉडेल, चार दारांची) घेऊन गेला. पहिली चार-पाच चकरा झकास. मग मुख्य सरळ पट्ट्यावरून दुसऱ्या वळणाकडे येताना त्याने ब्रेक दाबला आणि पेडल स्पंजासारखं थेट तळाला गेलं. घाईघाईने दोन-तीनदा पंप केल्यावर थोडे ब्रेक लागले, पण गाडी वळणाबाहेरच्या वाळूत जाऊनच थांबली. त्याला किंवा गाडीला काही झालं नाही. संध्याकाळी फोनवर पहिलं वाक्य मात्र हे: "मोठे ब्रेक बसवतो. साडेतीन हजार डॉलर म्हणतायत."

मी म्हटलं, थांब. आधी हिशोब करू.

गाडी आणि चालक मिळून १,७०० किलो धरू. वेग १८० वरून ७० किलोमीटरवर आणायचा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे या एका ब्रेकिंगमध्ये सुमारे १.८ मेगाज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. एवढ्या उष्णतेत २० अंशांचं साडेपाच लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे सगळं घडतं अवघ्या तीन सेकंदांत! म्हणजे सरासरी जवळजवळ ६०० किलोवॉट. या गाडीचं व्ही-८ इंजिन पूर्ण जोर लावून ३०९ किलोवॉट देतं. गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र इंजिन नव्हे, ब्रेक आहेत.

ही ऊर्जा जाते कुठे? थोडी हवेच्या विरोधात, बाकीची जवळपास सगळी डिस्कमध्ये. ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं, म्हणून अंदाजे ७० टक्के काम पुढच्या दोन चाकांकडे येतं. पुढची एक डिस्क १० किलो बिडाची धरली, तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान सव्वाशे अंशांनी चढतं. रस्त्यावर पुढचा सिग्नल येईपर्यंत ती निवते. ट्रॅकवर काही सेकंदांत पुढचं वळण येतं, मग त्याच्या पुढचं. चकरेगणिक तापमान चढत जातं आणि बाहेर जाणारी उष्णता आत येणाऱ्या उष्णतेइतकी झाली की स्थिरावतं. प्रश्न एवढाच, की ते कुठे स्थिरावतं आणि तोवर काय काय हार मानतं.

हार मानणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन, आणि दोन्ही पायाला वेगवेगळ्या कळतात. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की घर्षण घटतं. पेडल घट्ट लागतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी थांबत नाही. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या ट्रकमागे तो जळका वास घेतलाय ना, तो याच जातीचा. दुसरा प्रकार ब्रेक ऑइलचा. ते कॅलिपरमध्ये उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग तुमच्या पायाचा जोर पिस्टनपर्यंत न पोहोचता बुडबुडे पिळण्यात जातो आणि पेडल खाली जातं. मित्राला आलेला अनुभव नेमका हाच.

आता खरी गंमत. ब्रेक ऑइल (नावाला ऑइल, प्रत्यक्षात ग्लायकॉलच्या कुळातलं रसायन) हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तो १५५ पर्यंत घसरला तरी नियमाला चालतो. मित्राला विचारलं, शेवटचं कधी बदललंस? उत्तर आलं, "बदलतात का ते?"

म्हणून पहिला खर्च ऑइलचा. रेसिंगसाठीच्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो आणि बाटली काही हजारांत नाही, काही दहा डॉलरमध्ये मिळते. फक्त सिलिकॉनचं डॉट-५ घेऊ नका. एबीएसच्या गाड्यांना ते चालत नाही आणि जुन्या ऑइलमध्ये मिसळतही नाही. डॉट-५.१ वेगळं, ते चालतं. नावं ठेवणाऱ्याचा राग येतो, पण आहे हे असं आहे.

दुसरा खर्च पॅडचा. ट्रॅकचे पॅड कितीतरी जास्त तापमानापर्यंत पकड टिकवतात, पण थंड असताना कमी पकडतात, किंचाळतात आणि चाकं काळी करतात. रोज ऑफिसला जायच्या गाडीत ते ठेवू नयेत, ट्रॅकच्या दिवशी बदलावेत. नवे पॅड बसवल्यावर हळूहळू तापवून त्यांचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढवावा लागतो. हा थर कमीजास्त झाला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात "डिस्क वाकली". बहुतेक वेळा डिस्क सरळच असते.

तिसरी गोष्ट हवा. बंपरमधून नळी काढून हवा डिस्कच्या मध्यभागी सोडायची. डिस्कच्या दोन तबकड्यांमधल्या पाकळ्या फिरताना पंख्यासारखं काम करतात, हवा मधून ओढून कडेने बाहेर फेकतात. हवा नुसती डिस्कच्या एका बाजूवर मारली तर ती बाजू निवते, दुसरी तापलेलीच राहते.

मग साडेतीन हजारांचे मोठे ब्रेक? ते थांबण्याचं अंतर कमी करतील ही समजूत चुकीची. मूळ ब्रेक एबीएस चालू होईपर्यंत चाक रोखू शकत असतील, तर मर्यादा टायरच्या पकडीची आहे. फक्त पुढचे ब्रेक जोरकस केले तर पुढचं-मागचं संतुलन बिघडून अंतर वाढूही शकतं. मोठ्या डिस्कचा खरा फायदा म्हणजे उष्णता साठवायला जास्त लोखंड. शिवाय या एम३ च्या पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन आणि सरकती रचना आहे. चार-सहा पिस्टनच्या स्थिर कॅलिपरने पेडल जास्त घट्ट लागतं आणि पॅड सारखा झिजतो. ऑइल, पॅड आणि हवा करूनही ब्रेक तापत असतील तर जरूर बसवावेत. भोकं पाडलेल्या डिस्क मात्र दिसायलाच छान, ट्रॅकवर भोकांच्या कडेने तडे जातात.

मित्राने ऑइल आणि पॅड बदलले, नळ्या स्वतः बसवल्या. पुढच्या वेळी वीस मिनिटांचं सत्र पेडल न हलता पूर्ण झालं. शेवटची चकरा ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारली, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावले आणि हँडब्रेक ओढला नाही. डिस्क अजून चांगलीच तापलेली होती.