चित्रफितीला फळ्याची जोड
पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’चे पाठ दूरदर्शनवरून ठराविक वेळीच प्रक्षेपित होत, वीज गेली की पाठ हुके. पुढे परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. चित्रफीत आता हवी तेथे थांबविता येते. परंतु रोह्याजवळच्या निडीसारख्या गावी घरातील एकुलता भ्रमणध्वनी पालकांबरोबर कामावर जात असेल, तर ती वर्गातच दाखविणे इष्ट. सावलीचा पाठ घ्यावा. शिक्षकाने चित्रफीत आदल्या दिवशी उतरवून घ्यावी, प्रथम मुलांचे अंदाज फळ्यावर लिहावेत, मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत. नंतर मुलांनी अंगणात काठी रोवून तासातासाला सावली मोजावी. पडदा केवढा, हा प्रश्न गौण! शाळेच्या वीजबिलाची तरतूद मात्र पंचायतीने आधी पाहावी.