महाराष्ट्रात ज्वालामुखी आहेच कुठे?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की समुपदेशकांकडे दरवर्षी तोच प्रश्न येतो: कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल ना? नाही मिळाला तर एआय, तेही नाही तर डेटा सायन्स. कॉलेज कुठलंही चालेल, नावात कॉम्प्युटर हवं. अशा घरात एखादी मुलगी म्हणाली, की मला ज्वालामुखीच्या राखेचा, दगडमातीच्या लोंढ्यांचा अभ्यास करायचाय, त्यांच्या धोक्याचे नकाशे करायचेत, तर बाबांचं उत्तर ठरलेलं असतं. महाराष्ट्रात ज्वालामुखी आहेच कुठे?

पायाखाली आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीय राखेचा थर सापडला. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1980च्या दशकात त्याच्यावर काम केलं. ती राख तीन हजारांहून जास्त किलोमीटर दूरच्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयावरून मात्र तज्ज्ञांत वाद आहे. आणि हे फक्त इतिहासापुरतं नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी फुटला, तेव्हा राखेचा ढग गुजरात, राजस्थान, दिल्लीपर्यंत आला आणि आपल्या विमान कंपन्यांना उड्डाणं रद्द करावी लागली. अशी राख इंजिनात वितळून चिकटते. 1982 साली जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची चारही इंजिनं त्यामुळे बंद पडली होती. वैमानिकांना ती पुन्हा सुरू करता आली म्हणून सगळे वाचले. आज राखेवर नजर ठेवून विमानांना इशारा देणारी नऊ केंद्रं जगभर काम करतात.

तरीही, स्पष्ट सांगायचं तर, इथल्या विद्यार्थ्याने ज्वालामुखीच्या मागे लगेच धावू नये. भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातला बॅरन बेटावरचा, आणि तिथे माणसं राहत नाहीत. ही विद्या शिकायची खरी शाळा दरडींची आहे. ज्वालामुखीच्या उतारावरून येणारा चिखललोंढा आणि पावसाळ्यात सह्याद्रीवरून सुटणारा दगडमातीचा लोंढा, दोघांचं गणित बरंचसं एकच: उतार, सुटी माती, पाणी आणि वाटेत कोण राहतं.

माळीण, 30 जुलै 2014: दीडशेहून अधिक माणसं गेली. तळिये, 22 जुलै 2021. इर्शाळवाडी, 19 जुलै 2023ची रात्र. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं. हे वाक्य पालकांनी नीट ऐकायला हवं, कारण नोकरीचा प्रश्न तिथेच सुटतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2014-15 पासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करायला घेतले, ते 1:50,000 या प्रमाणावर. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. शंभर मीटर रुंदीची वाडी अशा नकाशावर दोन मिलिमीटरांत मावते. शिवाय दरड कुठून सुटेल हे कळलं, तरी लोंढा कुठवर धावेल हे कळायला वेगळं काम लागतं. वाडीवाडीचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा अजून करायचाय, आणि तो एसीत बसून पुरा होत नाही. दोन लाव्हाथरांमधला लाल मातीचा थर कुठे आहे, मुरूम किती खोल आहे, डोंगराला भेगा पडल्यात का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय का, हे जाऊन पाहावं लागतं. वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारावंही लागतं.

नकाशा केला म्हणजे संपलं असंही नाही. कोलंबियात नेवादो देल रुईस ज्वालामुखीचा धोका दाखवणारा नकाशा ऑक्टोबर 1985 मध्ये तयार होता, आर्मेरो शहर त्यात चिखललोंढ्याच्या वाटेवर दाखवलं होतं. 13 नोव्हेंबरला लोंढा आला; शहर वेळेत हललं नव्हतं. वीस हजारांहून अधिक माणसं गेली. उलट फिलिपिन्समध्ये 1991च्या मे महिन्यात पिनातुबो ज्वालामुखीचा नकाशा प्रशासनाच्या हाती पडला, जूनमध्ये स्फोट होण्याआधी लोक हलवले गेले आणि हजारो जीव वाचले. म्हणून या क्षेत्रात तहसीलदाराला सोप्या मराठीत समजावता येणं हेही कौशल्यच.

वाट थोडक्यात: विज्ञान शाखा, गणित सोडायचं नाही. भूशास्त्रात बीएस्सी, मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत किंवा विद्यापीठात एमएस्सी. पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा किंवा संशोधन. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, नागपूरचं सुदूर संवेदन केंद्र आहे. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र, शिकायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पहिल्या वर्षीच सुरुवात करावी. कॉम्प्युटरचं वेड असेल तर तेही इथे कामाला येतं. उपग्रहचित्रांतून जुन्या दरडी शोधायला तेच लागतं. दरडीच नसलेल्या मुलखातही ही विद्या वाया जात नाही: नदीकाठच्या सपाट गावात डोंगर नाही, पण पुराचं पाणी कुठे शिरेल याचा नकाशा तिथेही लागतो.

खोटी आशा नको. एमएस्सीशिवाय यात फारसं काही नाही, सरकारी जागा मोजक्या, प्रकल्पांवरची नोकरी अनेकदा कंत्राटी, आणि पहिला बरा पगार यायला पंचविशी उजाडते. हे ज्या घराला परवडणार नाही, त्यांनी दुसरी वाट धरावी. त्यात लाज नाही.

पण ‘मुलगी डोंगरात कशी फिरणार’ हे कारण कोणी देऊ नये. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात बायका डोंगर चढतातच. ज्या मुलाला कोडिंगचा कंटाळा आहे, त्याला शेजाऱ्याच्या मुलाचं पॅकेज दाखवून चार वर्षं तिथे बसवणं हे पालकांच्या भीतीचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं आहे. पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याआधी एकदा जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागात मुलांना घेऊन जा. आणि तिथे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.