दवाखान्याचा सर्व्हर दुरून वापरताना : दोषाचे निदान व उपाय

जामसांवली, सौंसर परिसरातील रुग्ण पुढील उपचारासाठी बहुधा नागपूर गाठतो. त्याचे जुने अहवाल मात्र गावाकडील दवाखान्याच्या सर्व्हरवर राहतात. दुसऱ्या गावी असलेल्या डॉक्टरांना त्या सर्व्हरचा पडदा आपल्या संगणकावर पाहता यावा, यासाठी रिमोट डेस्कटॉप ही सोय असते. ती बसविताना अनेकदा जोडणीच होत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर पुनःपुन्हा बसविण्यापेक्षा, रोगनिदानाप्रमाणे क्रमाने शोध घेणे हितावह ठरते.

१) प्रथम दवाखान्यातीलच दुसऱ्या संगणकावरून जोडणी करून पाहावी. ती झाली, तर दोष राउटर किंवा इंटरनेटमध्ये आहे. न झाल्यास तो सर्व्हरमध्ये शोधावा.

२) विंडोजची होम आवृत्ती अशी जोडणी स्वीकारीत नाही. इतर आवृत्त्यांत ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. वापरकर्त्याला परवानगी व पासवर्ड असावा, तसेच फायरवॉलमध्ये ३३८९ क्रमांकाच्या पोर्टला दवाखान्याच्या जाळ्यापुरती मुभा असावी.

३) वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की व्हीएनसीसारखे सॉफ्टवेअर कधीकधी प्रतिसाद देत नाही. ते केवळ लॉगिन केलेल्या व्यक्तीपुरते बसविलेले असते, हे त्याचे नेहमीचे कारण. प्रशासकाच्या अधिकाराने ते ‘सर्व्हिस’ म्हणून बसवावे.

४) विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी एका वेळी दोघांनाच प्रवेश मिळतो. अधिक जणांसाठी रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस बसविल्यास १२० दिवसांची सवलत असते. त्यानंतर परवान्याअभावी प्रवेश नाकारला जातो. चार महिने सुरळीत चाललेली व्यवस्था एकाएकी बंद पडली, तर आधी परवाना तपासावा.

५) मोबाइल इंटरनेटवर सर्व्हरला बहुधा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. तेथे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही.

या टप्प्यावर फायरवॉल बंद करण्याचा किंवा ३३८९ हे पोर्ट सर्व जगाला खुले करण्याचा मोह होतो. हा उपचार रोगापेक्षा घातक आहे. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ हा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपी व सर्व्हर २००३ या मुदत संपलेल्या प्रणालींसाठीही दुरुस्ती दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. त्याचा मार्ग कोणताही असो, इतक्या मोठ्या संस्थेलाही अनेक दिवस हाताने नोंदी ठेवून काम करावे लागले. लहान दवाखान्याची अवस्था काय होईल?

म्हणून बाहेरून येणारी जोडणी व्हीपीएनमधूनच घ्यावी, प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे, प्रणाली अद्ययावत राखावी आणि नोंदींची एक प्रत सर्व्हरपासून अलग जतन करावी. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती जपणे हा आपल्या व्यवसायाचा जुनाच धर्म आहे. संगणक आल्याने केवळ तिची जागा बदलली आहे.