गॅसची भूल, शिरेतली भूल: भाचीला कानमंत्र

तू आता चिखलीत बसणार, खामगाव-बुलढाण्याच्या बोलावण्यांवर जाणार, म्हणजे आपल्या उंद्रीची माणसं आज ना उद्या तुझ्या टेबलावर येणारच. सर्जन विचारेल, "मॅडम, स्वस्तात काय पडतं?" नातेवाईक विचारतील, "पेशंट शुद्धीवर येईल ना?" गॅस द्यायचा की शिरेतून प्रोपोफॉल चालवायचं, हे ठरवताना दोघांचंही मनात ठेव.

पैशाचं आधी सांगतो, कारण त्यातच सगळ्यात जास्त गफलत होते. सेव्होफ्लुरेनच्या 250 मिलीच्या बाटलीची किंमत ऐकून हॉस्पिटलवाल्यांचे डोळे पांढरे होतात. पण बाटली किती पुरते, ते तुझ्या हातात असतं. एक हिशेब पाठ करून ठेव: मिनिटाला जितके लिटर फ्लो, गुणिले गॅसचे टक्के, गुणिले 3, तेवढे मिली तासाला उडतात. 6 लिटरवर 2 टक्के लावून गप्पा मारत बसलीस तर तासाला 36 मिली, बाटली सात तासांत खलास. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं झाली की 1 लिटरवर ये. तासाला 6 मिली, तीच बाटली चाळीस तास. ऑक्सिजनही वाचतो, बी टाइप सिलिंडरमध्ये असतो किती, 1500 लिटर. मात्र त्यासाठी क्लोज सर्किट हवं, ते गळकं नको, सोडालाईमचा रंग बदललेला नको आणि ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मॉनिटर हवाच. बेन सर्किटवर हा कंजूषपणा करू नकोस, पेशंटचा सोडलेला श्वासच परत आत जाईल.

प्रोपोफॉलचं अँपुल स्वस्त दिसतं. पन्नास किलोच्या बाईला तासाला किलोमागे 6 मिलिग्रॅम धरलं तर 300 मिलिग्रॅम, म्हणजे 20 मिलीची दीड अँपुल. उरलेलं अर्धं फेकायचं, हा खर्च कोणी मोजत नाही. आपण शेतात पेरतो त्याच सोयाबीनच्या तेलात आणि अंड्याच्या लेसिथिनमध्ये ते घोटलेलं असतं, जंतूंना तर मेजवानीच. सिरिंजमध्ये भरलेलं सहा तासांच्या पुढे ठेवायचं नाही आणि एका पेशंटची सिरिंज दुसऱ्याला लावायची नाही, मालक कितीही कुरकुरला तरी. वर पंप, एक्स्टेन्शन लाइन वेगळी. माझं मत विचारशील तर वीस मिनिटांच्या कामाला प्रोपोफॉल आणि दोन-तीन तासांच्या कामाला कमी फ्लोवरचा आयसोफ्लुरेन. त्याहून स्वस्त काही मला दिसलं नाही. स्पायनलमध्ये भागत असेल तर दोन्ही बाजूला ठेव. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा पेशंट असेल तर बाहेरून औषधं आणायची चिठ्ठी देऊ नकोस, भूल पॅकेजमध्येच धरलेली असते.

आता बीपीचं. आपल्याकडचा माणूस "उपाशी या" म्हटलं की रात्री आठपासून पाण्याचा थेंब घेत नाही आणि नंबर लागतो दुपारी एकला. मे महिन्यात असा सुकलेला म्हातारा आला आणि तू किलोमागे 2 मिलिग्रॅम प्रोपोफॉल झटकन ढकललंस, तर बीपी धाडकन खाली येणार. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे आदल्या दिवशीच घरच्यांना सांग. दुधाचा चहा मात्र नाही, त्याला सहा तास. वयस्काला किलोमागे 1 ते दीड मिलिग्रॅम पुरतं, तेही सावकाश. गॅसनंही बीपी उतरतं, पण डायल खाली केला की तो श्वासावाटे निघून जायला लागतो. शिरेत गेलेलं परत ओढता येत नाही. रक्त गेलेला, पांढराफटक पेशंट असेल तर केटामाइन काढ. त्याला जुनाट म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

तोंड उघडायला लावून तीन बोटं आत जातात का बघ. खर्रा खाऊन आखडलेले जबडे इथं तरण्या पोरांत दिसतील. अशाचा श्वास प्रोपोफॉलनं थांबवून बसलीस आणि नळी गेली नाही, तर पंचाईत. मास्कवर सेव्होनं हळूहळू भूल दे, श्वास त्याचा त्यालाच घेऊ दे. आयसोचा उग्र वास घशाला झोंबतो, खोकला येतो. हंगामात फवारणी केली होती का, हेही विचार. कीटकनाशकानं एन्झाइम दबलेलं असलं की स्नायू ढिले करणाऱ्या स्कोलिनचा असर लांबतो.

आता हृदयाचं. वऱ्हाड नावापुरतं निजामाचं होतं, तेव्हा 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. श्वास सांभाळा, हृदयाला धोका नाही, असा त्यांचा निर्वाळा. पण 1911 मध्ये लेव्ही नावाच्या डॉक्टरनं दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये अ‍ॅड्रेनालिन गेलं तर हृदयच फडफडून थांबतं. पुढे आलेल्या हॅलोथेनमध्ये तीच खोड थोडी उरली होती. कुठल्या कपाटात त्याची बाटली निघाली, तर सर्जनच्या हातात अ‍ॅड्रेनालिन मिसळलेली लोकलची सिरिंज आहे का, आधी बघ.

शिरेतून पूर्ण भूल देताना सलाईनचा हात चादरीखाली जाऊ देऊ नकोस. कॅन्युला निसटली आणि स्नायू मात्र ढिले पडलेले, तर पेशंट आत जागा असतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. वीज गेली तर पंपाची बॅटरी किती चालते, ते स्वतः चालवून बघ. आयसो-सेव्होच्या साध्या व्हेपोरायझरला विजेची गरज नसते.

दुर्बिणीतून पित्ताशय काढायला आलेल्या तरुण बाईला विचारायचं, "एसटीत उलटी होते का?" हो म्हणाली, तर तिथं प्रोपोफॉलवर हात आखडू नकोस. गॅसनंतर तिला रात्रभर कोरड्या ओकाऱ्या येतील, टाके ताणतील, मुक्काम वाढेल. त्या एका रात्रीच्या बिलात चार अँपुल सहज बसतात.