फाइलींचं बारसं

नारायण पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला निघाला, तेव्हा भाच्याने कपाटातल्या सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढले. दस्त, पावत्या, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. प्रत्येक फाइलीचं नाव 'आयएमजी' आणि पुढे आकड्यांची माळ. हाताने बारशी करत बसलो असतो तर जन्म पुरला नसता. म्हणून आयुष्यभर प्रुफं तपासलेला मी साठी उलटल्यावर टर्मिनलमध्ये आज्ञा लिहायला बसलो.

१. संगणकाचं गप्प बसणं आधी अंगवळणी पडावं लागतं. नाव बदलायची युनिक्सची आज्ञा दोनच अक्षरांची, 'एमव्ही'. काम झालं की ती चकार शब्द काढत नाही. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिला पुसून नवी तिथे बसवते, तेव्हाही गप्प. 'डॅश एन' लावलं तर हात आवरते. लक्ष्मी रस्त्याच्या कलकलाटात वाढलेल्या माणसाला इतक्या शांततेची धास्तीच वाटते.

२. यावर तोड निघाली ती मात्र माझ्याच धंद्यातली. आज्ञेच्या आधी 'एको' लिहिलं की संगणक काहीही न बदलता, आपण काय करायला सांगतोय ते ओळीने छापून दाखवतो. गॅली प्रूफच की हे! माझा जीव भांड्यात पडला. सगळ्या ओळी डोळ्यांखालून घालायच्या, मग 'एको' खोडून छपाईला सोडायचं. भाचा आजवर प्रूफ न बघताच छापत होता.

३. दोन शब्दांतली मोकळी जागा संगणकाला खपत नाही. 'दिवाळी अंक' असं नाव दिलं की तो एक 'दिवाळी' शोधतो आणि एक 'अंक'. अवतरणचिन्हांत घातलं की मुकाट्याने ऐकतो.

४. नावाची सुरुवात सालापासून करावी. मग महिना, मग दिवस, आणि एकेरी आकड्याआधी शून्य. नाहीतर १ च्या पाठोपाठ १० येतो आणि २ मागे ताटकळतो. हे नुसतं सोयीचं म्हणून केलं होतं. यादी सालवार लागली आणि वरचा भाग जवळजवळ रिकामाच दिसला. १९६१ च्या आधीचं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पेठेत पाणी शिरलं, खालच्या मजल्यावरची कपाटं गेली, हे घरात लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण काय काय गेलं ते कुणी कधी मांडून दाखवलं नव्हतं.

५. देवनागरी महाग पडते. लिनक्सवर फाइलीचं नाव २५५ बाइटांत बसवावं लागतं, आणि आपलं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे ८५ चिन्हांत आटपा. आख्खी लग्नपत्रिका नावात घालायची माझी हौस तिथेच फिटली.

६. आज्ञा लिहिणं त्या मानाने सोपं, नियम ठरवणं कठीण. आजीचे कागद निघाले दोन नावांचे. लग्नात ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं, त्याआधीची शाळेची प्रमाणपत्रं एका नावाने, नंतरचं सगळं दुसऱ्या. खरं कुठलं मानायचं? घरात दोन तट पडले. शेवटी कळलं की युनिक्समध्ये नाव फाइलीच्या पोटात नसतंच, ते फोल्डरच्या यादीत असतं. 'एलएन' या आज्ञेने एकाच फाइलीला दोन नावं लावता येतात, दोन्ही सारख्याच मानाची. एक पुसलं तरी कागद जागेवर. आजीचे कागद आता माहेरच्या नावानेही आहेत आणि सासरच्याही. भाचा कुरकुरतो की यादीत एकच कागद दोनदा येतो. येऊ दे.