अंदमानला जाताय? खोलीचा नुसता दर नको, पूर्ण खर्च विचारा

मोहोळ-सोलापूरकडून अंदमानला जाणारी बहुतेक कुटुंबं पॅकेज घेतात. कागदावर लिहिलेलं असतं: हॅवलॉक दोन रात्री, नील एक रात्र, हॉटेल 'अमुक किंवा तत्सम'. पैसे भरण्याआधी हे 'तत्सम' खोडायला लावा. हॉटेलचं नाव, खोलीचा प्रकार आणि हॉटेल बेटावर नेमकं कुठे आहे, या तिन्ही गोष्टी लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या असल्या तरी चालतील, पण तोंडी नकोत.

आधी नावं नीट पाहून ठेवा, कारण तिकिटावर ती वेगळी दिसतील. 2018 पासून हॅवलॉकचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप आहे. 2024 पासून पोर्ट ब्लेअर श्री विजय पुरम झालंय.

बुकिंगचा क्रम विमान, बोट आणि मग खोली असा ठेवा. मोहोळ पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच आहे, त्यामुळे पुणे आणि हैदराबाद या दोन्ही विमानतळांचे दर पाहा; जवळचं तेच स्वस्त असं धरून चालू नका. बोटीची वेळ कळल्याशिवाय मात्र खोली पक्की करू नका. डिसेंबरात तिकडे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. तुम्ही दुपारी उशिरा बेटावर पोचलात, तर त्या दिवसाचं भाडं नुसतं झोपण्यासाठी भरल्यासारखं होतं. सकाळची बोट घ्या.

हॅवलॉकवर ठिकाणं नंबरांनी ओळखतात. जेट्टी 1 नंबरला. 3 नंबर म्हणजे गोविंदनगर, तिथे बाजार आणि खाणावळी. 5 नंबर म्हणजे विजयनगर, तिथे समुद्राला लागून हॉटेलांची रांग. प्रसिद्ध राधानगर किनारा 7 नंबरला, बेटाच्या दुसऱ्या बाजूला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर. 'समुद्राला लागून खोली' म्हणून जास्त पैसे मागतात ते बहुतेक 5 नंबरला. तिथला सकाळचा देखावा सुंदर आहे, पण ओहोटीला पाणी खूप मागे सरतं आणि खाली खडक उघडे पडतात. मुलांना डुंबायचं असेल तर तुम्हाला राधानगरलाच जावं लागणार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हॅवलॉकवर समुद्रदर्शनासाठी जादा पैसे देऊ नका. 3 नंबरला बाजाराजवळ स्वच्छ, साधी खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत गाडी करा. शाकाहारी असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. आडबाजूच्या रिसॉर्टमध्ये त्यांच्याच दराने जेवावं लागतं. बाजारात निदान दोन-तीन ठिकाणी विचारता येतं.

नील खूपच लहान आहे. भरतपूर किनारा जेट्टीला लागूनच. लक्ष्मणपूर आणि सीतापूरही काही किलोमीटरवरच. आई-वडील सोबत असतील तर हॅवलॉकपेक्षा इथली दगदग कमी. एक रात्र पुरते.

आता लपलेला खर्च. समजा, खोली 3,000 रुपये रोज सांगितली. मुलासाठी जादा गादी 800. दोन रात्रींचे झाले 7,600. त्यावर 5 टक्के जीएसटी 380. जेट्टीवरून ने-आण 1,000. एकूण 8,980. म्हणजे 6,000 समजून निघालेला माणूस 9,000 देतो, आणि यात अजून जेवण आलेलं नाही. आकडे उदाहरणाचे आहेत, पण बेरीज अशीच वाढते. जीएसटीचा दर सप्टेंबर 2025 पासून रोजी 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के आहे. कोणी अजून 12 टक्के लावत असेल तर तिथेच थांबवा.

फोनवर विचारा: दर ईपी की सीपी? ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. मुलाचे पैसे कितव्या वर्षापासून? वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो का, की नुसता पंखा? चेक-आउट किती वाजता? बोटींच्या वेळांमुळे बेटांवर अनेक ठिकाणी सकाळी आठ-नऊलाच खोली सोडावी लागते. मग दुपारच्या बोटीपर्यंत बॅगा ठेवायचे पैसे लागतात का, हेही विचारा. 24 आणि 31 डिसेंबरला अनेक रिसॉर्ट 'गाला डिनर' सक्तीचं करतात, माणशी वेगळे पैसे घेऊन. या दोन तारखा टाळता आल्या तर टाळाच. जानेवारीअखेर ते मार्च हवा चांगली असते आणि दर दिवाळी-नाताळपेक्षा उतरलेले असतात.

अ‍ॅपवर दिसलेला दर घेऊन हॉटेललाच थेट फोन करा. पुष्कळदा तेवढ्याच पैशांत नाश्ता किंवा जेट्टीची गाडी मिळते. अ‍ॅपवरचं 'नॉन-रिफंडेबल' स्वस्त दिसलं तरी बेटासाठी घेऊ नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. बोट कंपनी तिकिटाचे पैसे परत करेल, पण खोलीचे जातील. त्याच कारणासाठी परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

कागदपत्रं थोडीच लागतात. मुलांसकट प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ प्रत. या दोन बेटांसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. तो काढून देण्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. स्कूटर भाड्याने घ्यायची तर लायसन्स हवं. भाडं रोज साधारण पाचशे-सहाशे. बेटांवर एटीएम मोजकीच आहेत आणि नेटवर्क दगा देतं, म्हणून रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या.

हॉटेलने जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज परस्पर लावला तर तो काढायला सांगा. तो देणं ऐच्छिक आहे. ऐकत नसतील तर बिलाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.