फॅन फिरतोय, गाडी उकळतेय

मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब फॅनच्या पिनांना टेकवले आणि आकडा स्थिरावला ९.६ वर. इंजिन चालू, एसी चालू, फॅन गरगर फिरतोय. तेच प्रोब बॅटरीच्या टोकांवर ठेवले तर १३.२. म्हणजे ३.६ व्होल्ट वाटेतच गडप. गॅरेजमालकाने मीटरकडे पाहिलं, फॅनकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, मीटर गंडलाय तुमचा. फॅन तर मस्त चाललाय."

तोवर त्याच गॅरेजने रेडिएटरची कोअर बदलली होती, वॉटर पंप बदलला होता, थर्मोस्टॅट काढून टाकला होता आणि हेड गॅस्केटचं एस्टिमेटही हातात ठेवलं होतं. दर वेळी बिल झालं, पैसे चुकते झाले आणि गाडी पुन्हा उकळली. वायरिंगला मात्र कोणीही हात लावला नाही. कारण उघड आहे. ते वायरिंग त्यांचं स्वतःचं होतं.

गाडी प्रस्तुत लेखकाची, १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, डॅशखाली एसी, आणि रेडिएटरपुढे कंडेन्सर आल्यावर पट्ट्यावर फिरणारा मूळ फॅन काढून विजेवरचा बारा इंची फॅन. काम देतानाच लेखकाने गॅरेजला लेखी यादी दिली होती. 'फॅनला रिले आणि बॅटरीजवळ वेगळा फ्यूज' हे शब्द त्यात ठळक होते. यादीचा फोटो आजही फोनमध्ये आहे. नंतर "तुम्ही सांगितलंच नव्हतं" हे वाक्य त्याच गॅरेजात ऐकावं लागलं, म्हणून हे नोंदवून ठेवणं भाग आहे.

मे महिन्यात खंबाटकी घाटात पुढे ट्रकांची रांग, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, काटा लाल पट्टीच्या वर. बॉनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा बाजूला घेऊन गॅरेजला फोन लावला. उत्तर आलं, "जुनी फियाट आहे साहेब, तापणारच. एसी बंद करून चालवा."

या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जाण्याचं कारणही नाही. जुनी फियाट तापणारच असती तर मुंबईची काळी-पिवळी चाललीच नसती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या याच गाड्यांनी दादर-परळच्या गर्दीत, ऐन उन्हाळ्यात, दिवसदिवसभर भाडी मारली. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून रस्त्यावरून उतरली ती ३० ऑक्टोबर २०२३ ला. १०८९ सीसीचं ते साधं इंजिन मुळात थंड डोक्याचं आहे. त्याला पाणी हवं, पट्टा ताणलेला हवा आणि रेडिएटरमधून हवा जायला हवी. लेखकाच्या गाडीत तिसरी गोष्ट होत नव्हती, आणि ती का होत नाही हे शोधण्याऐवजी गाडीच्या वयावर ठपका ठेवला गेला.

आता त्या ३.६ व्होल्टचं गणित. फॅन सुमारे १२ अँपिअर घेत होता. ३.६ गुणिले १२ म्हणजे ४३ वॉट. एवढी उष्णता वायरीत, जोडांत आणि किल्लीच्या स्विचमध्ये मुरत होती. डॅशच्या मागे एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवण्यासारखाच हा प्रकार. एसी लावला की येणारा प्लॅस्टिकचा वास "नवीन मॅटचा" असल्याचं लेखकाला सांगण्यात आलं होतं.

दुसरं नुकसान हवेचं. अशा मोटरचा वेग साधारणपणे व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो आणि हवा वेगाच्या प्रमाणात. जवळजवळ तेरा व्होल्टवर जेवढी हवा मिळायला हवी, तिच्या पाऊणपटच ९.६ व्होल्टवर मिळते. डोळ्यांना मात्र फरक दिसत नाही. पाती दोन्ही वेळी धूसरच दिसतात. "फॅन फिरतोय ना?" हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी आहे. फॅनच्या पिनांवर, फॅन चालू असताना, किती व्होल्ट आहेत हे विचारायला हवं.

मीटरवरचा आकडा पाहूनही गॅरेजवाले हलले नाहीत, तेव्हा लेखकाने गाडी बाहेर काढली आणि एका वयस्कर ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे नेली. आयुष्यभर ट्रक-बसचं काम केलेला माणूस, सगळे त्यांना काका म्हणतात. काकांनी फॅन चालू ठेवून मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा फॅनच्या प्लसला लावला: २.६. मग फॅनच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: १.०. दोन्हींची बेरीज बरोबर ३.६. चोर कोणत्या बाजूला किती आहे, हे दोन मिनिटांत कागदावर आलं. कोअर, पंप आणि थर्मोस्टॅटची बिलं देण्याआधी कोणीही ही दोन मापं घेऊ शकलं असतं. मीटर गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला होता.

डॅश उघडल्यावर जे दिसलं ते असं. फॅनची प्लस वायर थेट किल्लीच्या स्विचमागून घेतलेली. तिथून डॅशखालच्या एका टॉगलमध्ये, टॉगलमधून फायरवॉलच्या भोकातून, मडगार्डच्या आतल्या कडेने पुढे फॅनपर्यंत. चार मीटर वायर, जाडी एक चौरस मिलिमीटर. भोकात रबरी ग्रोमेट नाही, पत्र्याची धार इन्सुलेशनला घासून तांबं दिसायला लागलेलं. वाटेत तीन जोड, तिन्ही हाताने पिळून टेप गुंडाळलेले, आणि उष्णतेने टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटत होता. रिले नाही. फॅनसाठी वेगळा फ्यूजही नाही. काकांनी अर्थिंगचा स्क्रू सोडवला. तो साधा पत्र्याचा स्क्रू होता, रेडिएटरच्या चौकटीत मारलेला, आणि लगखाली रंगाचा थर जसाच्या तसा. करंट स्क्रूच्या आट्यांतून जेवढा जाईल तेवढाच परत जात होता. काका काही बोलले नाहीत. पान्याने तो रंग खरवडला आणि चकाकणारा पत्रा लेखकाला दाखवला.

याच वायरिंगने आणखी एक चमत्कार दाखवला होता. फॅन पूर्ण वेगात असताना किल्ली बंद केली तरी इंजिन क्षणभर चालूच राहायचं. गॅरेजचं निदान होतं, "कार्बोरेटर ट्यूनिंगला आलाय." प्रत्यक्षात किल्ली बंद झाल्यावर फॅन लगेच थांबत नाही, तो स्वतःच्या वेगाने फिरत राहतो आणि फिरणारी मोटर म्हणजे जनित्र. फॅन आणि इग्निशन कॉइल किल्लीच्या एकाच टोकावर असतील तर ती वीज उलटी जाऊन कॉइलला मिळते. फॅनची मुख्य वायर रिलेमधून थेट बॅटरीवरून घेतली की हा प्रकार थांबतो, आणि तो थांबला. कार्बोरेटरला हात लावावा लागला नाही.

काकांनी केलेलं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज. फ्यूज फॅनचं रक्षण करत नाही, वायरीचं करतो. म्हणून तो बॅटरीजवळच हवा, पुढे कुठेतरी बसवला तर अलीकडची वायर उघडी पडते. पूर्ण व्होल्टेजवर हाच फॅन सुमारे १५ अँपिअर घेतो, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट ओढतो, म्हणून १५चा फ्यूज घालून उपयोग नाही. फ्यूजपासून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला चार चौरस मिलिमीटरची वायर, ८७ मधून तशीच वायर फॅनला. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, त्यांना बारीक वायर चालते, कारण तिथे जेमतेम पाव अँपिअरचा खेळ आहे. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधल्या ८७ए ला काहीही जोडायचं नाही. तिथे फॅन जोडला तर रिले बंद असताना फॅन चालेल आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडेल. बाजारात '४० ए' छापलेले स्वस्त रिले भरपूर आहेत. पिना पातळ आणि डबी हलकी असेल तर घेऊ नका, नामवंत बनावटीचा घ्या, फरक थोड्या पैशांचा असतो.

तांब्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे १८ मिलिओहम, चार चौरस मिलिमीटरचा साडेचारच्या आसपास. १५ अँपिअरवर पातळ वायर मीटरमागे पाव व्होल्टपेक्षा जास्त खाते, जाड वायर ०.०७. त्यात अंतरही कमी झालं, कारण करंट आता डॅशमध्ये हिंडून येत नाही. लग क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबलेले, वर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह. अर्थिंग थेट इंजिन ब्लॉककडे जाणाऱ्या जाड पट्टीच्या बोल्टवर. काम झाल्यावर फॅनच्या पिनांवर १२.९ व्होल्ट आले. गाडी तीच, रेडिएटर तोच, फॅनही तोच.

टॉगल काढून टाकला. "तापली की दाबा" ही पद्धत घाटात कामाची नाही, ड्रायव्हरचं लक्ष काट्यावर नसतं, रस्त्यावर असतं. त्याजागी रेडिएटरच्या टाकीत थर्मोस्विच बसवला, ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा. थर्मोस्विच निवडताना थर्मोस्टॅट किती अंशांना उघडतो ते आधी पाहा. थर्मोस्टॅट ८२ चा असेल तर ९२-८७ ची जोडी बसते. थर्मोस्विच थर्मोस्टॅटपेक्षा खालचा घेतला तर फॅन कधी बंदच होणार नाही. आणि हो, थर्मोस्टॅट परत बसवला. तो काढणं हा आपल्याकडे सगळ्या तापणाऱ्या गाड्यांवरचा रामबाण उपाय समजला जातो. प्रत्यक्षात त्याने इंजिन वेळेवर तापत नाही आणि पेट्रोल जास्त लागतं, शिवाय मूळ दोष झाकला जातो.

एसी असेल तर कॉम्प्रेसरच्या क्लचवरून रिलेला दुसरा इशारा द्यावा लागतो, म्हणजे एसी लावताच पाणी थंड असलं तरी फॅन सुरू होतो. दोन इशारे एकाच रिलेच्या कॉइलला देताना मध्ये डायोड लागतात, नाहीतर थर्मोस्विच चालू झाला की एसीचा क्लच भलत्याच मार्गाने ओढला जाऊ शकतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

फॅनची दिशा तपासायला महागडं काही लागत नाही. गाडी उभी, फॅन चालू, जाळीपुढे वर्तमानपत्राचं एक पान धरा. पान आत ओढलं जाऊन चिकटलं तर ठीक, बाहेर ढकललं गेलं तर प्लस-मायनस उलटे आहेत. उलटा फिरणारा फॅनही हवा देतो, पण समोरून येणाऱ्या हवेशी भांडत. आणि फॅन रेडिएटरच्या पाकळ्यांतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू देऊ नका. लेखकाच्या गाडीत तसाच बांधला होता आणि नव्या कोअरच्या दोन नळ्या त्या पट्ट्यांनी घासून झिजल्या. लोखंडी पट्टीची चौकट करून घ्या, शक्य असेल तर पूर्ण कोअर झाकणारा श्राउडही.

अल्टरनेटरकडे दुर्लक्ष करू नका. फॅन १५, हॅलोजन दिवे ९, एसीचा ब्लोअर ८, क्लच ४, इग्निशन ४, अशी बेरीज ४० अँपिअरवर जाते, आणि आयडलला अल्टरनेटर त्याच्या पूर्ण क्षमतेच्या जवळपासही नसतो. जुन्या डायनामोवर हा भार टाकायचाच नाही. आयडलला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, आणि फॅनची खरी गरज तिथेच असते.

बाकी नेहमीचंच: कूलंट वेळेवर बदला, रेडिएटरच्या झाकणाचं रबर पाहा, होस दाबून बघा, गाडीतल्या बदलांची माहिती विमा कंपनीला लेखी द्या. वायरिंगमुळे आग लागली तर सर्व्हेयरचा पहिला प्रश्न बदलांविषयीच असतो.

गॅरेजकडे पैसे परत मागितले. नाही मिळाले. "फॅन चालूच होता ना साहेब" हेच उत्तर पुन्हा मिळालं. जुनी कोअर दाखवा म्हटलं तर ती भंगारात गेली होती, म्हणजे ती खराब होती की नव्हती हे आता कधीच कळणार नाही. जुना वॉटर पंपही तसाच गेला. त्यामुळे गाडी कोणाकडेही द्या, काढलेला प्रत्येक भाग परत मागा आणि बिलावर 'वायरिंग काम' असा मोघम शब्द चालवून घेऊ नका. वायरीची जाडी, फ्यूजचे अँपिअर, रिलेची बनावट आणि गाडी ताब्यात घेताना फॅनच्या पिनांवर मोजलेले व्होल्ट, हे चारही त्या बिलावर गॅरेजच्या सहीसह लिहून घ्या. लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला बॉनेट उघडू देऊ नका.